भांडण तिघांचं, जागा चौथ्याची

रस्त्यावरच्या माणसांचा वाद एका ठरलेल्या चालीने चालतो. कुठेतरी एखादी सायकल चालत्या माणसाला धडकते, किंवा एखाद्या रस्त्याचा थोडा भाग सायकलींना द्यायचा प्रस्ताव येतो, आणि दुसऱ्या दिवशी तीन गोट तयार असतात. गाडीवाले म्हणतात, सायकलवाले सिग्नलला जुमानत नाहीत. सायकलवाले म्हणतात, स्टिअरिंग हातात आलं की गाडीवाल्यांना समोरचा माणूस दिसेनासा होतो. पायी चालणारे म्हणतात, दोघेही सारखेच, आमच्या फुटपाथवर दोघेही चढतात. मग गाडीवाले आणि सायकलवाले यांचं पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमत होतं: चालणारे मोबाईलमध्ये डोकं खुपसून मध्येच रस्त्यात उतरतात. प्रत्येकाजवळ आपापला किस्सा असतो, हल्ली किश्शाचा व्हिडिओही असतो. आठवडाभराने वाद आपोआप विझतो. कुणाचं मत बदललेलं नसतं आणि कुणाला नवीन काही कळलेलंही नसतं.

गंमत अशी की या वादात जवळजवळ सगळ्यांचं सगळं खरं आहे. चुकलेला आहे तो प्रश्न. तीन जमातींपैकी जास्त बेशिस्त कोण, हे उद्या अगदी मोजमाप करून ठरवलं, तरी त्या उत्तराचं करायचं काय? माझं म्हणणं असं आहे की रस्त्यावरची जबाबदारी ज्याच्या त्याच्या इजा करण्याच्या ताकदीप्रमाणे वाटली पाहिजे, आणि रस्त्याची जागा वाटतानाही तोच हिशोब धरला पाहिजे. ‘सगळ्यांना सारखे नियम’ हे वाक्य ऐकायला न्यायाचं वाटतं. रस्त्यावर आणलं की ते अन्यायाचं होतं. हे वाचून मी सायकलवाल्यांचं वकीलपत्र घेतलंय असं वाटेल. जरा थांबा, हाच हिशोब पुढे सायकलवाल्यांच्याही अंगावर येणार आहे.

आधी त्या जमातींचं पाहू. मी सायकल चालवतो. सायकलच्या पट्ट्यातून पाठमोरं, रमतगमत चालणारं कुणी दिसलं की माझ्या मनात जे येतं ते इथे छापण्यासारखं नसतं. त्याच संध्याकाळी मी पायी निघालेला असतो, मागून घंटी न वाजवता एक सायकल खांद्याला घासून जाते, आणि मी म्हणतो, “या सायकलवाल्यांना अक्कल कधी येणार?” कुणाच्या गाडीत बसलो की मला चालणारे आणि सायकलवाले दोघेही अडथळे वाटू लागतात, तेही मी स्वतः गाडी चालवत नसताना. म्हणजे माणूस तोच, स्वभाव तोच. फक्त शिव्यांचा पत्ता बदलतो. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे म्हणतात. इथे आपण दिवसातून तीन वंशांत जाऊन येतो, तरी काही कळत नाही. तेव्हा हा स्वभावांचा वाद नाही. आपण कशावर बसलो आहोत आणि आपल्याला किती जागा दिली आहे, यावर आपलं वागणं ठरतं.

कशावर बसलो आहोत, याला मोजता येण्यासारखा अर्थ आहे. शाळेतलं सूत्र आठवा: गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमानाचा निम्मा गुणिले वेगाचा वर्ग. सत्तर किलोचा माणूस ताशी ५ किलोमीटर वेगाने चालत असेल तर त्याच्या गतीत सुमारे ६७ ज्यूल ऊर्जा असते. माणूस आणि सायकल मिळून नव्वद किलो धरले आणि वेग ताशी २० किलोमीटर धरला, तर हाच आकडा जवळपास १,३९० होतो, म्हणजे वीसपट. दीड टनाची मोटार ताशी ५० किलोमीटरने जात असेल तर तिच्या गतीत सुमारे १ लाख ४५ हजार ज्यूल असतात. सायकलच्या शंभरपट, चालणाऱ्याच्या दोन हजार पटींहून जास्त. या तिघांना ‘रस्त्याचे घटक’ असं एकाच शब्दात गुंडाळून, तिघांनाही समान शिस्तीचे धडे देणं म्हणजे टाचणी, सुरी आणि तोफ यांना शस्त्र म्हणून एकाच कलमाखाली घालणं.

वेगाचा वर्ग होतो, हे या सूत्रातलं खरं मर्म. तीच मोटार ५० ऐवजी ३० ने चालली तर तिच्यातली जवळपास दोन तृतीयांश ऊर्जा गळून पडते. आणखी एक हिशोब करून पाहा. कोरडा रस्ता आहे, चालकाला धोका दिसून ब्रेकवर पाय यायला एक सेकंद लागतो. ३० ने चाललेली गाडी साधारण तेरा मीटरमध्ये पूर्ण थांबते. ५० ने चाललेली गाडी त्या एका सेकंदातच जवळपास चौदा मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे पहिली जिथे उभी राहिली तिथून दुसरी पूर्ण ५० च्या वेगाने पार होते, तिचा ब्रेक अजून लागायचा असतो. ध्यानात घ्या, यात कुणीही नियम मोडलेला नाही. जिथे मर्यादा ५० ची आहे तिथे तो चालक सभ्य, सावध आणि कायदा पाळणारा आहे. आणि सिग्नल तोडणारा सायकलस्वार, तो कितीही उद्धट असो, बहुतेक वेळा सगळ्यात मोठा धोका स्वतःच्याच हाडांना देत असतो. नियम पाळणारा जास्त घातक आणि मोडणारा कमी घातक असू शकतो, ही गोष्ट ‘बेशिस्त कोण’ या प्रश्नात बसतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने २०२१ साली जगभरात रस्त्यांवर सुमारे ११ लाख ९० हजार माणसं मेली. त्यांतले निम्म्याहून जास्त पायी चालणारे, सायकलवर बसलेले किंवा दोन-तीन चाकी मोटारवाहनांवरचे होते. भोवती पत्रा नसलेले, थोडक्यात.

रस्ता म्हणजे गाड्यांची जागा, इतर जण तिथले पाहुणे, असं आपण जे गृहीत धरतो ते फार जुनं नाही. ब्रिटनच्या १८६५ च्या कायद्याने यंत्रावर चालणाऱ्या गाडीला शहरात ताशी २ मैल आणि बाहेर ४ मैल इतकाच वेग दिला होता. पुढे एका माणसाने इशारा देत पायी चालायचं. कायदा हास्यास्पद होता, हे मान्य. पण त्यामागची समजूत पाहा: धोका जो आणतो, काळजीचा खर्च त्याचा. १८९६ साली ही अट गेली आणि वेगाची मर्यादा ताशी १४ मैल झाली. अटलांटिकपलीकडे त्याच दशकात लोकांच्या रोषाचा धनी कोण होता? सायकलस्वार. खाली वाकून सुसाट सायकल हाणणाऱ्यांना तिकडे ‘स्कॉर्चर’ म्हणत, आणि थिओडोर रूझवेल्ट न्यूयॉर्कच्या पोलीस मंडळावर असताना १८९५ मध्ये त्यांना पकडायला पोलिसांचंच सायकल पथक निघालं. त्याच शहरात १८९९ साली विजेवर चालणाऱ्या टॅक्सीच्या एका चालकाला ताशी १२ मैल वेगाबद्दल अटक झाली. त्याला पाठलाग करून पकडणारा पोलीस सायकलवर होता. आज सायकलवाल्यांना ‘रस्त्यावरचे गुंड’ म्हणणाऱ्यांनी आणि त्यावर चिडणाऱ्या सायकलवाल्यांनी, दोघांनीही हा प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. खलनायकाची भूमिका दर काही वर्षांनी दुसऱ्या नटाकडे जाते, पण भूमिका तीच असते: ज्याचा वेग चालणाऱ्याला पेलत नाही, तो खलनायक.

ही समजूत उलटली कशी, हे जास्त शिकवणारं आहे. १९२० च्या दशकात अमेरिकी शहरांत मोटारींखाली मुलं मरू लागली तेव्हा लोकांचा राग मोटारींवर होता. सिनसिनाटी शहरात १९२३ साली सुमारे ४२ हजार लोकांनी सह्या करून मागणी केली की प्रत्येक मोटारीला असं यंत्र बसवा की ती ताशी २५ मैलांपलीकडे धावणारच नाही. मोटार विक्रेते आणि मोटारसंघ खडबडून जागे झाले, जोरदार प्रचार झाला आणि मतदानात ती मागणी पडली. त्यानंतर या धंद्याने मोर्चा वळवला तो चालणाऱ्याकडे. ‘जेवॉकर’ हा शब्द गावोगाव पोचवला गेला. अमेरिकी बोलीत ‘जे’ म्हणजे गावंढळ, शहरात कसं वागावं हे न कळणारा. वाटेल तिथून रस्ता पार करणं हे कालपर्यंत नुसतं चालणं होतं. ते आता अडाणीपणाचं लक्षण झालं आणि मग गुन्हा. कायद्याच्या आधी थट्टा आली, हे विसरू नये. गाडी कुठवर आणि किती वेगाने जाईल हा प्रश्न बाजूला पडला, माणूस कुठून चालेल हा प्रश्न उरला. शंभर वर्षांनी, २०२३ च्या आरंभी, कॅलिफोर्नियाने सुरक्षितपणे रस्ता पार करणाऱ्याला दंड करणं जवळपास थांबवलं. शंभर वर्षं लागली एक शिवी मागे घ्यायला, तीही अर्धीच.

आपली भाषाही या वाटणीत सामील आहे. मराठीत आपण नदी ओलांडतो, उंबरठा ओलांडतो, मर्यादा ओलांडतो आणि रस्ता ओलांडतो. रस्ता ही चालायची जागा असती तर तो ओलांडावा का लागला असता? ‘रहदारी’ या शब्दात माणसं, जनावरं, हातगाड्या सगळं मावत होतं. ‘ट्रॅफिक’ म्हटलं की डोळ्यांसमोर फक्त गाड्या येतात. बातम्यांची वाक्यं पाहा. ‘भरधाव मोटारीने चिरडले’, ‘गाडीवरील ताबा सुटल्याने’. चिरडलं मोटारीने, ताबा आपणहून सुटला. चालवणारा माणूस वाक्यातून गायब. सायकलची धडक झाली की मात्र ‘सायकलस्वाराने वृद्धेला धडक दिली’. तिथे माणूस बरोबर सापडतो. हे कुणी कट करून लिहीत नाही, हे मला माहीत आहे. पण एकाच्या हातून ‘घडतं’ आणि दुसरा ‘करतो’, असं रोज वाचलं की दोष कुणाला द्यायचा हे आपलं मन वाचता वाचताच ठरवून टाकतं.

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे. हलके नाहीत ते.

पहिला मुद्दा: रस्ता हवा तर नियम पाळा, नंबरप्लेट लावा, परवाना काढा. यातला राग समजण्यासारखा आहे. सिग्नलला गाड्या मुकाट उभ्या असताना मधून एक सायकल निघून जाते, तेव्हा उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला आपण मूर्ख ठरलो असं वाटतं, आणि कायद्याचा मान असल्या क्षणांतूनच झिजतो. मी हे नाकारत नाही. पण परवान्याचा प्रयोग झालेला आहे. टोरांटो शहराने १९३५ पासून सायकलींना परवाना सक्तीचा केला आणि १९५७ मध्ये तो रद्द केला. रद्द करताना दिलेली कारणं वाचण्यासारखी आहेत: नकळत्या वयातली मुलं अजाणता कायदा मोडणारी ठरतात आणि पोलीस व मुलं यांचे संबंध बिघडतात. परवान्याने नेमकं काय होतं? मोटारीचा परवाना आला तो ते यंत्र इतरांना मारू शकतं म्हणून. सायकलला तोच लावणं म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

सिग्नलचंही तेच. रस्त्यावरचा पहिला सिग्नल १८६८ साली लंडनमध्ये ब्रिटिश संसदेजवळ लागला, घोडागाड्यांच्या गर्दीसाठी. त्याचे दिवे गॅसवर जळायचे आणि थोड्याच काळात त्याचा स्फोटही झाला. चालणाऱ्यांना एकमेकांत सिग्नल लागत नाही, सायकलींनाही फारसा लागत नाही; जड आणि वेगवान वाहन आलं की लागतो. म्हणूनच अमेरिकेतल्या आयडाहो राज्याने १९८२ मध्ये सायकलस्वाराला ‘थांबा’च्या पाटीपाशी वेग कमी करून, वाट मोकळी असेल तर, न थांबता जायची मुभा दिली. राज्य कोसळलं नाही. कोपनहेगनने दुसरी युक्ती केली: ताशी २० किलोमीटरने सायकल चालवली तर एकामागून एक सिग्नल हिरवेच मिळतील असे ते जुळवले. गाड्यांसाठी अशी ‘हिरवी लाट’ जगभर बसवलेली असते, आणि तिच्या लयीत न बसणारा सायकलवाला मग बेशिस्त ठरतो. ज्याच्यासाठी सिग्नल जुळवला त्याला तो पाळणं सोपं जातं, एवढं तरी मान्य व्हावं. हे सगळं सांगूनही एक गोष्ट उरते: माणसं पार होत असलेल्या झेब्रा पट्ट्यांवरून सायकल घुसवणाऱ्याला यातलं काहीही लागू नाही. तो आयडाहोत नाही.

दुसरा मुद्दा कराचा. ‘रस्त्याचे पैसे आम्ही भरतो.’ हा मुद्दा मला सगळ्यांत कच्चा वाटतो, पण टिकाऊ मात्र आहे. ब्रिटनमध्ये मोटारींचा कर एकेकाळी खरोखरच रस्त्यांसाठी बाजूला ठेवला जात असे. १९२० च्या दशकात अर्थमंत्री असलेल्या विन्स्टन चर्चिल यांना त्यात धोका दिसला: असंच चाललं तर हे लोक उद्या रस्त्यांवर नैतिक मालकी सांगतील, असा त्यांचा आक्षेप होता. १९३७ पर्यंत ती राखीव व्यवस्था मोडीत निघाली. कर गेला, मालकीची भावना राहिली. बरं, पैशांचाच हिशोब करायचा तर पुरा करू. अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या अखेरीस रस्ते मुद्दाम वाहनांनी झिजवून जी मोठी चाचणी झाली, तिच्यातून निघालेला ठोकताळा अभियंते आजही वापरतात: रस्त्याची झीज आसावरच्या भाराच्या चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट झाला तर झीज सोळापट. या हिशोबाने एका मोटारीएवढी झीज करायला हजारो सायकली लागतील. आणि मोटारीच्या तुलनेत अवजड ट्रकचं काय, ते विचारू नका. मोटारवालाच तिथे सायकलवाल्यासारखा फुकट्या ठरेल.

तिसरा मुद्दा मात्र मला नेहमी अडवतो, कारण तो चालणाऱ्यांकडून येतो. सायकलीही माणसांना धडकतात, क्वचित जीवही जातात. आणि आकडा लहान असला म्हणून भीती लहान होत नाही. ऐंशीच्या घरातल्या माणसाला मांडीचं हाड मोडणं म्हणजे पुढचं आयुष्य अंथरुणात काढणं असू शकतं. त्याला ‘मोटारींच्या मानाने आम्ही काहीच नाही’ असं सांगणं म्हणजे जखमेवर मीठ आहे. सायकल चळवळीतल्या लोकांनी हे वाक्य टाकून द्यावं, असं मला मनापासून वाटतं. मघाचा हिशोब आठवा: सायकलस्वार चालणाऱ्याच्या वीसपट. मोटारवाल्याने माझी जेवढी काळजी घ्यावी असं मी म्हणतो, त्याच न्यायाने चालणाऱ्याची काळजी मला घ्यावी लागते. त्यातून सुटका नाही. विजेवर चालणाऱ्या जड सायकलींनी हा आकडा आणखी वर नेला आहे, आणि ‘ही पण सायकलच’ म्हणून त्यांना सूट मागणारे आपलीच बाजू पोकळ करत आहेत.

अंध माणसांची गोष्ट यापुढची. नेदरलँड्समधले वाहतूक अभियंते हान्स मॉन्डरमन यांनी एक धाडसी कल्पना मांडली होती: पाट्या, सिग्नल, कठडे काढून टाका, सगळ्यांना एका पातळीवर आणा, मग कुणालाच खात्री उरणार नाही आणि सगळेच जपून, एकमेकांच्या डोळ्यांत पाहून चालतील. ड्राख्टन गावातल्या चौकात ती राबवली गेली आणि तिचं खूप कौतुक झालं. मलाही ती फार आवडली होती. मग एक साधा प्रश्न समोर आला: डोळ्यांत पाहायला डोळे नसतील तर? फुटपाथची कड ही अंध माणसाची भिंत असते, काठीला लागणारी. ती काढली की सगळा चौक समुद्र होतो. ब्रिटनमध्ये अंध व्यक्तींच्या संघटनांनी हे लावून धरलं आणि २०१८ मध्ये सरकारने स्थानिक संस्थांना एकाच पातळीवरच्या अशा नव्या योजना थांबवायला सांगितलं. ‘आपापसात समजून घ्या’ या तोडग्यात जो ताकदवान आहे तोच समजून घ्यायचं की नाही ते ठरवतो. म्हणून मला कड हवी, पट्टा हवा, वेगळी जागा हवी. नुसतं सौजन्य पुरत नाही.

आणि जागेचं नाव काढलं की चौथा पक्ष समोर येतो. तो वादात कधी बोलत नाही, कारण त्याला बोलायची गरज पडत नाही. उभी केलेली गाडी. एक मोटार उभी राहायला दहा-बारा चौरस मीटर जागा घेते, आणि दिवसाचा बहुतेक वेळ मोटारी उभ्याच असतात. रस्त्याच्या दोन्ही कडांना त्यांची रांग लागली की उरलेल्यात धावणाऱ्या गाड्या, आणि त्या उरलेल्याच्या उरलेल्या मीटरभर पट्टीत सायकलवाला आणि चालणारा एकमेकांची गचांडी धरतात. ‘फुटपाथवर सायकल नको’ आणि ‘मग मी कुठे जाऊ, गाडीखाली?’ हा संवाद कितीदा ऐकला असेल आपण! दोघेही बरोबर असतात. दोघांच्या शेजारी एक रिकामी, कुलूपबंद, दीड टनाची वस्तू शांतपणे उभी असते आणि तिच्याकडे कुणी बोट दाखवत नाही, कारण आपण तिला झाडासारखी किंवा भिंतीसारखी, रस्त्यातच उगवलेली मानतो.

पॅरिसचं उदाहरण घ्या. उभ्याने चालवायच्या, भाड्याच्या विजेच्या छोट्या स्कूटर फुटपाथवर कुठेही टाकलेल्या असत, माणसं अडखळत, तक्रार अगदी रास्त होती. एप्रिल २०२३ मध्ये नागरिकांचं मत घेतलं गेलं. जेमतेम साडेसात टक्के मतदार आले आणि आलेल्यांपैकी सुमारे ८९ टक्क्यांनी त्या बंद करा म्हणून सांगितलं. सप्टेंबरमध्ये त्या गेल्या. मला त्या स्कूटरींचं प्रेम नाही. पण त्या फुटपाथवर का पडत होत्या? रस्त्याच्या कडेची जागा गाड्यांनी आधीच व्यापली होती म्हणून. गाडीच्या एका जागेत कितीतरी स्कूटर उभ्या राहतात. वर्षानुवर्षं न हलणाऱ्या रांगेबद्दल मुकाट राहून काल आलेल्या खेळण्याला हाकलणं सोपं असतं. एवढं मात्र कबूल करायला हवं की त्याच पॅरिसने गेल्या काही वर्षांत कडेच्या गाड्यांच्या जागा काढून सायकलींचे रस्तेही केले आहेत. तेव्हा स्कूटरींची गोष्ट पॅरिसची सगळी गोष्ट नव्हे.

यावर येणारा आक्षेप खरा आहे: सगळेच हौसेने गाडी काढत नाहीत. ज्याचे पाय चालत नाहीत, जो अवजारांची पेटी घेऊन घरोघर कामाला जातो, रात्रपाळीहून येताना जिला बस मिळत नाही, त्यांनी काय करायचं? त्यांना ‘सायकल घ्या’ सांगणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. पण मला कळत नाही ते हे की या लोकांची नावं नेहमी गाड्या कमी करण्याच्या विरोधातच का घेतली जातात. रस्ता अडवतो कोण? गाडीशिवाय ज्याचं चालतं आणि तरी जो गाडी काढतो, तो. रुग्णवाहिका अडकते ती सायकलींच्या पट्ट्यात नव्हे, गाड्यांच्या रांगेत. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहराने १९७७ मध्ये मध्यवस्तीचे चार भाग केले. गाडीने कुठल्याही भागात जाता येतं, पण एका भागातून थेट दुसऱ्यात जाता येत नाही; बाहेर वळसा घालून यावं लागतं. पायी आणि सायकलवर मात्र सरळ वाट. दुकानदारांनी कडाडून विरोध केला. बंदी कुणालाच नव्हती, फक्त जवळची वाट कुणाला आणि लांबची कुणाला, हे बदललं. ज्याला गाडी लागतेच तो वळसा घालून आला आणि त्याला जागा मिळाली.

‘ते डच लोक आहेत, त्यांचं वेगळं’ असं इथे कुणीतरी म्हणतंच. वेगळं काही नव्हतं. १९७१ साली त्या छोट्याशा देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. शहरं मोटारींसाठी फोडायचे बेत तयार होते. मग एका पत्रकाराने, ज्याची स्वतःची मुलगी त्यात गेली होती, लेख लिहिला आणि ‘मुलांच्या हत्या थांबवा’ या नावाची चळवळ उभी राहिली. नावात ‘अपघात’ नव्हे, ‘हत्या’ हा शब्द होता, हे विशेष. १९७३ च्या तेलसंकटाने सरकारलाही ऐकणं भाग पाडलं. त्या लोकांची शिस्त, त्यांचा स्वभाव, त्यांची सपाट जमीन त्याआधीही तिथेच होती. मुलं तरीही मरत होती. फिनलंडमधल्या हेलसिंकीत तर डोंगरासारखा बर्फ पडतो. तिथे जुलै २०२४ पासून पुढच्या वर्षभरात रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही, आणि तिथल्या निम्म्याहून जास्त रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी ३० आहे.

राहिला कायदा. जास्त ताकद त्याच्यावर जास्त जबाबदारी, हे तत्त्व मी काही नव्याने काढलेलं नाही. फ्रान्सने १९८५ च्या कायद्याने मोटारीने जखमी झालेल्या चालणाऱ्याला किंवा सायकलस्वाराला, त्याची अक्षम्य चूक नसेल तर, भरपाई मिळण्याची सोय केली. नेदरलँड्समध्ये अशा धडकेत चौदा वर्षांखालच्या मुलाची भरपाई जवळपास नेहमी पूर्ण मिळते, मोठ्यांना सहसा किमान निम्मी. ब्रिटनच्या रस्ता-संहितेत जानेवारी २०२२ पासून वापरणाऱ्यांची उतरंडच लिहिली आहे, आणि तिच्यात सायकलस्वाराने चालणाऱ्याला जपायचं, हेही स्पष्ट आहे. ‘म्हणजे सावध चालकालाही गुन्हेगार ठरवायचं?’ असं विचारतात. नाही. डच आणि फ्रेंच व्यवस्था तुरुंगाच्या नाहीत, भरपाईच्या आहेत; पैसे विमा देतो. धोक्याचं यंत्र रस्त्यावर आणायचा हप्ता कुणी भरायचा, एवढाच सवाल आहे. १८६५ मध्ये त्याचं उत्तर पुढे चालणारा माणूस होता, आज विम्याचा कागद आहे.

सगळ्या गाठी यातून सुटत नाहीत, हे मला ठाऊक आहे. सायकलचा पट्टा बसथांब्याच्या मागून नेतात, ही त्यांतली एक. बसमधून उतरणारा माणूस फुटपाथवर न येता थेट सायकलींच्या वाटेत येतो. काही दिवसांपूर्वी अशाच एका ठिकाणी काठी घेतलेले एक आजोबा उतरले आणि पट्ट्याच्या मधोमध आले. मी घंटी वाजवली. सवयीने वाजवली, मी थांबणारच होतो. पण ते जागच्या जागी गोठले. घंटीचा अर्थ ‘बाजूला व्हा’ आहे की ‘मी थांबतोय’, हे त्यांना कळायला मार्गच नव्हता. मी उतरलो, म्हटलं, “आजोबा, तुम्ही आधी व्हा बाजूला, मी आहे उभा.” ते म्हणाले, “कुठे होऊ, ते सांगा ना.” एका बाजूला थांब्याचा कठडा होता. दुसऱ्या बाजूला, फुटपाथवर दोन चाकं चढवून, एक गाडी उभी होती.